भेग नव्हती

जळगावला पिंप्राळ्यात मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो, त्या आबांनी मला खोली देण्यापूर्वी नोकरी, पगार, जात, लग्न यांतलं काहीही विचारलं नाही. मला अंगणात सरळ उभं केलं, डावा डोळा मिटला आणि उजव्यानं टाचेपासून टाळूपर्यंत पाहून घेतलं. मग म्हणाले, "डावा खांदा उतरेल शे. पण पीळ नाही. राहा."

मी राहिलो. तीन वर्षं राहिलो. खांदा उतरलेला आहे, हे त्यांचं निदान बरोबर होतं. पिळाच्या बाबतीत त्यांची चूक झाली, आणि तेवढं सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

आबा साक्रीकडच्या एका आश्रमशाळेत खेळाचे शिक्षक होते. पोरांना तिरंदाजी शिकवायचे. निवृत्त होऊन जळगावला घर बांधलं आणि पाटी न लावता एक उद्योग सुरू केला: जुनी धनुष्यं ओळखायची आणि त्यांची किंमत सांगायची. या उद्योगाला जळगाव जिल्ह्यात फार वाव असेल असं कुणालाही वाटणार नाही. तरी महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दारात उभं राहायचंच. शाळेची खोली आवरताना सापडलेलं, क्लब बंद पडला तेव्हा कुणी घरी नेलेलं, मेलेल्या काकांच्या माळ्यावरचं. आबा याचे पैसे घेत नसत. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या म्हणायच्या, "पैसे घेतले असते तर लोक डोक्यावर परिणाम झालाय असं तरी म्हणाले नसते."

ही धनुष्यं म्हणजे स्पर्धेत वापरतात ती, टोकं पुढे वळलेली. लाकडाचे पातळ थर चिकटवून आणि वर फायबर चढवून त्यांची पाती केलेली असतात, एक मुठीच्या वर, एक खाली. दोरी काढली की हे धनुष्य भलत्याच बाजूला वाकतं. ज्यानं आयुष्यात फक्त बांबूचं धनुष्य पाहिलंय, तो हमखास दोरी उलटी चढवतो. धुळ्याच्या एका शाळेचे मुख्याध्यापक असंच एक धनुष्य घेऊन आले होते. स्नेहसंमेलनात रामाच्या हातात शोभतं म्हणून अकरा वर्षं ते उलट्या दोरीनं कार्यालयाच्या भिंतीवर टांगून ठेवलं होतं. मुख्याध्यापक अभिमानानं म्हणाले, "प्रत्यंचासुद्धा मूळची आहे." आबांनी त्यांना आधी बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. पाणी संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "सर, तुमच्या रामानं बाण सोडला असता, तर सीता राहिली बाजूला, राम दवाखान्यात गेला असता." मुख्याध्यापक हसले नाहीत. आबाही नाहीत.

धनुष्य पाहण्याची आबांची रीत ठरलेली होती. आधी वास घ्यायचा. रॉकेलजवळ ठेवलेलं, पत्र्याखाली तापलेलं, उंदरांच्या सहवासात राहिलेलं, सगळं नाकाला कळतं म्हणायचे. मग खालच्या पात्यावर आतल्या बाजूला बनवणाऱ्यानं हातानं लिहिलेले आकडे शोधायचे: लांबी किती, ओढायला जोर किती. मग नखानं पात्यांवरून हळू जायचं, कुठे थर सुटलाय का, केसाएवढी भेग आहे का. मग दोरी चढवून एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत बघायचं. दोरी पात्यांच्या बरोबर मधून गेली तर धनुष्य सरळ. नाही गेली तर त्याला पीळ आहे, आणि पीळ असलेल्या धनुष्याला आबांच्या लेखी किंमत नव्हती.

शेवटी जोर मोजायचा. सावद्याच्या एका केळीवाल्यानं त्यांना घड तोलायचा स्प्रिंगचा काटा दिला होता. तो तुळईच्या कडीला टांगायचा, दोरी त्याच्या आकड्यात अडकवायची आणि मूठ धरून आबांनी धनुष्य खाली ओढायचं. काट्यावरचा आकडा वाचायचं काम माझं. मी किलोत सांगायचो, ते पौंडात पुटपुटायचे. संध्याकाळी पतपेढीतून येऊन मी हे करायचो. तीन वर्षांत मला दोरी चढवता येऊ लागली, सरळ-पीळ कळू लागलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट बजावली होती. बाण लावल्याशिवाय ओढलेली दोरी सोडायची नाही. "बाण असला की जोर बाणात जातो. नसला की कुठे जाईल? पात्यातच शिरतो. एकदा रिकामं सोडलं, की धनुष्य मेलं समज."

माणसांनाही ते तसंच पाहायचे. भाचीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी चहाच्या आधी एक डोळा मिटून पाहिलं आणि आत येऊन सांगितलं, "पोरगा चांगला शे, पण वरच्या पात्याला पीळ शे." लग्न मोडलं. तो पोरगा पुढे सराफीत नावारूपाला आला. भाची हे आबांना दर दिवाळीला ऐकवायची. काकूंचं म्हणणं, "चाळीस वर्षांत या माणसानं माझ्याकडे दोन डोळ्यांनी पाहिलेलं नाही." त्यावर आबा म्हणायचे, "एकानं सरळ दिसलीस म्हणून तर केली."

सातपुड्याच्या पायथ्याहून एकदा एक म्हातारा बांबूचं धनुष्य घेऊन आला होता. त्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीची. आबा उठून उभे राहिले, दोन्ही हातांत घेतलं, पाहिलं आणि परत दिलं. "हे मी सांगायचं नाही. हे तुम्ही मला सांगायचं." म्हातारा गोंधळून काकूंकडे बघायला लागला. त्याला फक्त बस कुठून सुटते ते हवं होतं.

आबांचे दोन नियम मला तेव्हा नुसतेच तऱ्हेवाईक वाटायचे. एक म्हणजे धनुष्य एकदाच पाहायचं. पहिल्या दिवशी पाहून ते पेन्सिलीनं चिठ्ठी लिहायचे, आणि मग त्या धनुष्याकडे पुन्हा ढुंकून बघायचे नाहीत. "दुसऱ्यांदा बघावं लागलं, म्हणजे पहिल्यांदा बघितलंच नव्हतं." दुसरा नियम आठ दिवसांचा. चिठ्ठी लिहिली की धनुष्य दोरी उतरवून ओसरीतल्या दोन खुंट्यांवर आठ दिवस ठेवायचं. विकणाऱ्याचा जीव परत त्यात अडकला तर त्यानं आठ दिवसांत येऊन घेऊन जावं. नाही आला तर आबा विकत घेणाऱ्याला बोलवायचे.

विकत घेणारा बहुधा एकच असायचा. गावातलेच एक कापडाचे शेठ, मूळचे राजस्थानातले. त्यांना जुनी धनुष्यं जमवायचा नाद होता. शेठ चिठ्ठी वाचून पैसे द्यायचे, धनुष्य घरी गेल्यावर बघायचे. आबांच्या चिठ्ठीवर त्यांचा एवढा भरवसा होता.

पिंपळनेरच्या पलीकडच्या एका गावाहून एक बाई आल्या, माझ्या तिथल्या तिसऱ्या उन्हाळ्यात. अंगणवाडीत सेविका होत्या. आबा त्यांना अक्का म्हणाले, म्हणून मीही. त्यांच्या वडलांनी तरुणपणी एका शिबिरात स्वयंपाकी म्हणून काम केलं होतं. तिथल्या परदेशी प्रशिक्षकानं जाताना हे धनुष्य त्यांना दिलं होतं. अक्कांची मुलगी तिरंदाजी खेळायची. राज्याच्या निवड चाचणीसाठी तिला स्वतःचं धनुष्य हवं होतं, आणि विकून ते नवं घेता येईल अशी घरात हीच एक वस्तू होती.

"बाबा देत नव्हते," अक्का म्हणाल्या. "नातीसाठी म्हटलं तवा काढलं. म्हनतस, याले काहीच व्हयेल नही, चाळीस वर्स मी त्याले ऊन लागू देयेल नही."

आबांनी वास घेतला. नख फिरवलं. डोळा मिटला आणि उघडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. नाव पुसलं गेलं होतं, पण टोकांवर चढवलेले पांढरे-काळे थर आणि मुठीचं लाकूड पाहून कुठल्या कारखान्याचं ते त्यांनी सांगितलं. "अक्का, हे तुमच्या जन्माआधीचं आहे आणि तुमच्यापेक्षा सरळ आहे," असं म्हणाले. अक्का हसल्या नाहीत, त्यांना भीती वाटत होती. आबांनी चिठ्ठी लिहिली: पाती सरळ, थर पक्के, भेग नाही. आणि किंमत जी सांगितली, ती बरोबर एका नव्या स्पर्धेच्या धनुष्याएवढी भरत होती. अक्कांनी ती दोनदा विचारली.

पाचव्या दिवशी रविवार होता. आबा आणि काकू सावद्याला बारशाला गेले होते. दुपारी पतपेढीतला माझा एक सहकारी खोलीवर आला. देखणा, बोलका, साहेबांचा लाडका. त्याच्यापुढे मला नेहमी आपण उभे आहोत की बसलो आहोत हेच कळायचं नाही. ओसरीतलं धनुष्य बघून तो म्हणाला, "हे काय, रामलीला?"

मी सांगायला लागलो. कारखाना, थर, पौंड. आयुष्यात पहिल्यांदा तो माझं ऐकत होता. मी दोरी चढवून दाखवली.

"ओढ की मग."

मी ओढली. हनुवटीपर्यंत. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

"सोड ना यार. असाच उभा राहणार का पुतळ्यासारखा?"

मी सोडली. बोटं थकली म्हणून सुटली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. मी सोडली.

आवाज फार मोठा झाला नाही. ताट पडल्यासारखा झाला. सहकारी म्हणाला, "बस, एवढंच?" आणि चहाला चल म्हणाला. मी खालच्या पात्यावरून नख फिरवलं. आतल्या बाजूला, टोकापासून वीतभर अंतरावर, एक रेघ लागली. केसाएवढी. मी दोरी उतरवली, धनुष्य खुंट्यांवर ठेवलं, रेघ भिंतीकडे करून, आणि चहाला गेलो.

तीन दिवस होते माझ्याकडे. आबा रोज संध्याकाळी त्या ओसरीतून जायचे आणि नियमाप्रमाणे तिकडे बघायचे नाहीत.

आठव्या दिवशी शेठ आले, अक्का आल्या. अक्का या वेळी नवी साडी नेसून आल्या होत्या. इथूनच पुढे नाशिकला जाऊन मुलीसाठी धनुष्य घ्यायचं ठरवलं होतं. शेठनी चिठ्ठी वाचली. एरवी घरी नेऊन बघणाऱ्या शेठना त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, "आबा, इतकं सुंदर आहे, एकदा इथंच ओढून बघतो." दोरी चढवली, बाण लावला, समोरच्या पेंढ्याच्या गठ्ठ्याकडे रोखला आणि ओढलं. खालचं पातं मोडलं. तुकडा त्यांच्या हनुवटीला लागून अंगणातल्या पाण्याच्या टाकीत पडला.

शेठ सज्जन माणूस. रुमालानं रक्त पुसलं आणि म्हणाले, "आबा, होतं असं. वय झालं की डोळा चुकतो."

आबांनी टाकीतून तुकडा काढला. मोडलेली कड बोटानं चाचपली. मग अक्कांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, तुमच्या धनुष्यात दोष होता. मला दिसला नाही. चूक माझी."

मी काट्याखाली उभा होतो. म्हणजे चार पावलांवर.

अक्का पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. आबा आत गेले आणि स्वतःचं धनुष्य घेऊन बाहेर आले. तरुणपणी ज्यानं ते स्पर्धा खेळले होते ते. शेठ वर्षानुवर्षं ते मागत होते आणि आबा वर्षानुवर्षं "माझ्यानंतर" म्हणत होते. ते त्यांनी शेठच्या हातात दिलं. "हे घ्या. ठरलेली रक्कम अक्कांना द्या. सौदा माझ्या शब्दावर झालाय." शेठ नको म्हणाले, आबांनी ऐकलं नाही. काकू दारातून म्हणाल्या, "अहो, अहो." एवढंच. अक्का पैसे आणि मोडके दोन तुकडे घेऊन गेल्या. तुकडे बाबांना दाखवायला हवेत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल म्हणून सांगितलं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. आबांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, या वयात अशी नजर मी पाहिलेली नाही."

"मग भेग कशी सुटली?"

"कसली भेग?"

"पात्याला होती. मी नख फिरवलं, डोळ्यानं पाहिलं. नव्हती. आणि होती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांची फाइल मांडीवर धरून बसलो होतो. कुणालाही वाटावं, किती काळजी घेणारा भाडेकरू आहे. डॉक्टर म्हणाले, "मनातून काढून टाका." आबा म्हणाले, "मनात नाही, पात्यात होती." बाहेर आल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला दुसऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. त्यांनीही तेच सांगितलं. तिसऱ्यांनी मोतीबिंदूची जरा सुरुवात आहे म्हटलं, तेव्हा आबांना इतकं बरं वाटलं की त्यांनी डॉक्टरांना पेढे दिले. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. चाळीस दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत औषध घातलं. रोज दोन वेळा ते वर बघायचे आणि मी त्यांच्या डोळ्यांवर वाकायचो. एकदाही बोललो नाही.

त्यानंतर आबांनी धनुष्य पाहिलं नाही. खुंट्या उपटल्या, भोकं लांबी भरून बुजवली. गोणपाट घेऊन कुणी आलं की दारातूनच सांगायचे, "डोळा गेला." कुणी आग्रह केला की पाणी द्यायचे आणि बसची वेळ सांगायचे. लवकरच माझी भुसावळला बदली झाली. निघताना मी वाकून नमस्कार केला, तेव्हा काकू म्हणाल्या, "तुझ्यासारखा भाडेकरू परत मिळायचा नाही."

यानंतर चौदा वर्षं गेली. काकू गेल्या. आबा धुळ्याला लेकीकडे राहायला गेले. मला काही साक्षात्कार झाला नाही. गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त धुळ्याला गेलो होतो, काम बारालाच संपलं आणि परतीची गाडी चारला होती.

आबा गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. लेकीनं आत कुकर लावला होता. मी बसलो आणि सांगितलं. आधी वाटायचं, हे सांगायला एक दिवस लागेल. कुकरची एक शिटी झाली तेवढ्यात संपलं.

आबांनी विचारलं, "किती ओढलं होतंस?"

"हनुवटीपर्यंत."

"म्हणजे पूर्ण."

"पूर्ण."

"भेग आतून का बाहेरून?"

"आतून. खालच्या पात्याला. टोकापासून वीतभर."

"बरोबर. तिथूनच मोडलं." मग म्हणाले, "म्हणजे मी पाहिलं तेव्हा भेग नव्हती."

"नव्हती, आबा."

"अगं ए!" त्यांनी लेकीला हाक मारली. "इकडे ये. भेग नव्हती!"

लेक पदराला हात पुसत आली. आबा मला म्हणाले, "सांग हिला." मी सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं, कारण ती मध्येच उभी राहून माझ्याकडे बघू लागली. मग शेजारचे एक गृहस्थ पेपर परत द्यायला आले. "यांना सांग." त्यांना कशाचा काही पत्ता नव्हता, धनुष्यापासून सांगावं लागलं. जावयाला फोन लावून सांगायला लावलं. शेठना लावू म्हणाले. लेक म्हणाली, शेठ दोन वर्षांपूर्वी वारले. "मग राहिलं," आबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला.

रागावले नाहीत. मी वाट बघत होतो. चहा आला. लेकीनं माझा कप जरा लांब ठेवला, तेवढंच. चहाबरोबर मला धीर आला आणि मी म्हणालो, "आबा, एक बरं झालं. त्या अक्कांचं तरी काही नुकसान झालं नाही. पोरीला धनुष्य मिळालं."

आबांनी कप खाली ठेवला. "मी त्या बाईला काय सांगितलं होतं?"

"की धनुष्यात दोष होता."

"होता का?"

"नाही."

"मग इथे चहा काय पीत बसलास? साक्रीवरून पिंपळनेरला गाडी आहे."

मी त्या दिवशी गेलो नाही. चार दिवसांनी गेलो, सुटी टाकून. अक्कांचं घर सापडायला वेळ लागला नाही, अंगणवाडीच्या बाई सगळ्यांना माहीत असतात. केस पांढरे झाले होते. मला त्यांनी ओळखलं नाही. ओळखण्यासारखं मी त्या दिवशी काही केलंही नव्हतं. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. आता मला ते चांगलं जमायला लागलं होतं.

त्या तांदूळ निवडत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी घर येईसन मी मना बापले काय काय बोलेल शे, ते तुमले म्हाईत नही. दोन्ही तुकडे पुढे टाकले. म्हटलं, चाळीस वर्स सडेल लाकूड जपत बसलास, आन् आमची इज्जत घालवलीस."

"ते काय म्हणाले?"

"काही नही. तुकडे चुलीपाशी ठेवले. परत कधी त्या शिबिराचं नावबी काढलं नही." तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "तीन वर्स झाले त्यांना जाऊन."

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही, कळलं नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात आजूनबी कुठली वस्तू फुसकी निघाली ना, की पोरं म्हनतस, आजाचं धनुष्य. कुकर बिघडला, आजाचं धनुष्य. मोबाइल बंद पडला, आजाचं धनुष्य. मीबी म्हनस."

मग त्या उठल्या, आतून फोन आणला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. मुलगी आता नंदुरबारकडे एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिला सगळं सांगा म्हणाल्या, बठ्ठं सांगा.

"कोण बोलतंय?" पलीकडून विचारलं. मागे पोरांचा गलका होता, शिट्टी वाजत होती.

मी नाव सांगितलं. ते तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मग म्हणालो, "तुमच्या आजोबांचं धनुष्य चांगलं होतं."